तोंडाला कुलूप आणि नाकावर बिजागरी

सासऱ्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. माहीत असणारच, कारण ते सासऱ्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं. चष्म्याच्या दुकानाच्या दारात त्यांची वेताची खुर्ची असे आणि त्या खुर्चीतून दिवसभर बातम्या बाहेर पडत. कुणाचा नंबर वाढला, कुणाला आता दोन चष्मे लागतात आणि तो अजून बायकोला सांगत नाही, समोरच्या शिंप्याने जावयाला काय सुनावलं, सगळं. दुकान त्यांनीच उभं केलेलं. आता आतल्या अंधाऱ्या खोलीत मुलगा डोळे तपासायचा, खिडकीपाशी दुरुस्तीच्या टेबलावर सून बसायची आणि म्हातारबुवांकडे फक्त बोलायचं खातं उरलं होतं. ते मात्र त्यांनी जोरात चालवलं होतं.

सून बोलायला बेताची, हाताला विलक्षण. वाकलेली काडी तिच्या बोटांत आली की आपणहून सरळ व्हायची असं गिऱ्हाइकं म्हणत. पण एका वस्तूपुढे तिने कित्येक वर्षं हात टेकले होते. चष्म्याच्या बिजागरीतला स्क्रू! तिळाएवढा तो जीव, पण पडला की माणूस आंधळा. लोक एका हातात काडी, दुसऱ्या हातात उरलेला चष्मा आणि तोंड उतरलेलं, असे दुकानात येत. कुणी टाचणी खुपसलेली असे, कुणी दोरा गुंडाळलेला, आणि एका मास्तरांनी तर चघळलेला च्युइंगम लावून आठवडा काढला होता. नवा स्क्रू बसवताना तो चिमट्यातून उडायचा, मग सूनबाई गुडघ्यांवर, गिऱ्हाईक गुडघ्यांवर, आणि सासरे खुर्चीतून दिशा दाखवणार, "डावीकडे गं, डावीकडे उडाला! मी बघितला!" त्यांनी कधीच बघितलेला नसे.

शेवटी तिने ठरवलं, स्क्रू सापडत नाही ना, मग स्क्रूच नको. वर्षभर ती सवड मिळेल तशी त्याच्यामागे होती. स्प्रिंगची बारीक तार घ्यायची, तिला वळण देऊन फ्रेमच्या भोकातून ओवायची, आणि काडीचं टोक त्या वळणात दाबून बसवायचं. टक्‌ असा आवाज आला की बसलं. पडायला काही नाही, हरवायला काही नाही. टेबलावर तिने ती काडी शेकडो वेळा उघडमीट केली आणि मगच नवऱ्याला दाखवली.

नवरा दोन मिनिटं बघतच राहिला. मग म्हणाला, "अगं, उद्यापासून विकायला काढू!"

"आणि परवापासून सगळेच काढतील," ती म्हणाली. "बाबांच्या नळीचं काय झालं, विसरलात?"

नळीचं प्रकरण घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. तरुणपणी सासऱ्यांना एक युक्ती सुचली होती, काडीच्या वळणावर मऊ नळी चढवायची, म्हणजे कान सोलवटत नाहीत. सुचली त्याच दिवशी त्यांनी चहाच्या टपरीवर उभं राहून ती सगळ्यांना करूनही दाखवली. थोड्याच दिवसांत गावातल्या प्रत्येक दुकानात नळ्या आल्या. तेव्हापासून ते येईल त्याला सांगत, "ही नळी माझी बरं का!" आणि येईल तो म्हणे, "हो का आजोबा? वा!" आणि घड्याळाकडे बघे.

दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकांत एक वकीलबाई होत्या. पेटंटचं काम करायच्या. जाड भिंगं, आणि स्क्रू पाडण्यात पहिला नंबर. सुनेने त्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि बिजागरी हातात ठेवली. वकीलबाईंनी ती टक्‌ टक्‌ करून पाहिली आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"ही आणखी कुणी बघितली आहे?"

"घरातल्यांनीच."

"मग आता नीट ऐका. पेटंट हा एक सौदा असतो. तुम्ही तुमची युक्ती जगाला सांगायची, हातचं काही न राखता. बदल्यात काही वर्षं ती तुमचीच. दुसऱ्याला करायची असेल, तर त्याने तुमची परवानगी घ्यायची, मोबदला द्यायचा. मुदत संपली की सगळ्यांची."

"म्हणजे सांगायचं की लपवायचं?" नवऱ्याने विचारलं.

"आधी लपवायचं, मग सांगायचं. क्रम चुकला की खेळ खलास. अर्ज जाण्याआधी बाहेरच्या माणसाच्या हाती लागली, तर ती नवी राहिली नाही. मग मीसुद्धा काही करू शकत नाही. मी आठवडाभर कोर्टाच्या कामाला बाहेरगावी जाते आहे. आल्या आल्या अर्ज लिहायला बसू. तोवर..." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मग तिघांचीही नजर एकदमच दाराकडे गेली. दाराबाहेरून सासऱ्यांचा आवाज खणखणीत येत होता.

सुनेला त्या आठवड्याची धास्ती वाटली, कारण तिच्या मनात आता नुसती बिजागरी राहिली नव्हती. दुकानामागची अडगळीची खोली तिला झाडून, रंगवून, टेबलं मांडलेली दिसायला लागली होती. रस्त्यावरच्या हात चांगला असलेल्या दोन-चार मुली हाताशी घ्यायच्या, बिजागऱ्या करायच्या, आणि फ्रेमचे मोठे कारखानेवाले परवानगी मागायला आले की त्यांना याच टेबलापाशी बसवायचं. असला कारखानदार ही युक्ती एका दुपारी उचलू शकतो, हे तिला पक्कं माहीत होतं. पेटंट हाती असलं, तरच तो दार वाजवून येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानावरच्या घरात, चहाच्या वेळी तिने विषय काढला. सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही?"

मुलाने कपात बघितलं, सुनेने बशीत. सासूबाई मात्र सरळ म्हणाल्या, "नाही."

"ठीक आहे!" म्हातारबुवा उभेच राहिले. "ही घ्या माझी शपथ! अर्ज जाईपर्यंत चष्म्याबद्दल एक शब्द काढणार नाही. कुणाशी म्हणजे कुणाशीही नाही. तोंडाला कुलूप! बघाच तुम्ही!" आणि रागाने मान अशी हिसडली की नाकावरच्या चष्म्याची काडी सुटून कपापाशी पडली. स्क्रू गेला कुठल्या कुठे.

सुनेने बोलता बोलता चष्मा काढून घेतला. दुकान उघडायची वेळ झाली होती, मनात शपथेचाच विचार होता, आणि तुटक्या काडीने कुणाला बाहेर पडू द्यायचं नाही ही हाताची इतक्या वर्षांची सवय. जवळ जे होतं ते बसवून तिने चष्मा परत दिला. वाचायच्या चष्म्याची काडीही डुगडुगत होती, तीही त्याच झपाट्यात नीट केली. "बाबा, शपथ विसरू नका हं," ती म्हणाली आणि खाली पळाली.

म्हातारबुवा शपथ विसरले नाहीत. झालं असं, की पहिल्या तासाभरातच त्यांच्या लक्षात आलं, आपण कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी बिजागरीवरच येतो. धुक्याबद्दल बोलावं, तर धुक्याने काचा ओल्या होतात, काचा पुसताना काडी सुटते, आणि काडी सुटली की स्क्रू! शिंप्याच्या जावयाबद्दल बोलावं, तर जावई चष्मेवाला. तेव्हा त्यांनी बोलणंच बंद केलं. खुर्चीत ताठ बसायचे, ओठ आवळलेले, आणि कुणी काही विचारलं की नुसती मान.

रस्त्यात हाहाकार उडाला. शिंपी हातातलं काम टाकून आला, त्यांच्या तोंडापाशी तोंड नेऊन म्हणाला, "आजोबा, मला ओळखलंत का?" फुलवालीने फुलं आणून दिली आणि डोळे पुसले. कोपऱ्यावरचे डॉक्टर न बोलावता आले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळ्यांत बॅटरी मारली, जीभ बघितली, "बोला, आ" म्हणाले. म्हातारबुवांनी "आ" केला, पण मोठ्या नाराजीने. सासूबाईंना मात्र घरात पहिल्यांदाच रेडिओ नीट ऐकू येत होता आणि त्या मजेत होत्या. सून दुरून हे सगळं बघायची आणि तिला हसू यायचं आणि भरूनही यायचं. आपल्यासाठी या माणसाने केवढी गोष्ट सोडली, असं तिला वाटे. तिच्या टेबलावरून तिला त्यांची पाठ दिसायची, तोंड नाही.

वकीलबाई यायच्या त्याच दिवशी फ्रेम विकणारा फिरता एजंट टपकला. हा माणूस सगळ्या चष्मेवाल्यांकडे जायचा आणि एका दुकानातली गोष्ट दुसऱ्या दुकानात पोचवल्याशिवाय त्याला पाणी गोड लागायचं नाही. तो दारात थांबला, म्हातारबुवांना नमस्कार करायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"आजोबा, हे काय? काडीला स्क्रूच नाही!"

सुनेच्या हातातली पक्कड खाली पडली. एजंटने तोवर चष्मा अलगद काढून घेतला होता. टक्‌. टक्‌. "अरे वा! तार आहे होय! अशी वळवून... वा वा! कुणाचं डोकं हो हे?" म्हातारबुवांनी ओठ आणखी घट्ट आवळले आणि आपण काही बोलत नाही असं मोठ्या अभिमानाने हाताने दाखवलं.

"ताई, हे तर सगळ्यांना सांगायला पाहिजे!" असं म्हणत एजंटने चष्मा परत म्हातारबुवांच्या नाकावर चढवला आणि तो पुढच्या दुकानाकडे निघालासुद्धा.

सून दारात आली. "बाबा!" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "जीव तोडून सांगितलं होतं ना तुम्हाला? आणि तुम्ही तो चष्मा घालून आठवडाभर रस्त्यावर बसलात?"

म्हातारबुवांनी चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. मग काही न बोलता आधी चष्म्याकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे, आणि दोन बोटांनी पक्कड दाबल्याची खूण केली. सुनेला त्या सकाळचा चहा आठवला, सुटलेली काडी आठवली. सगळ्यांनी त्यांचं तोंड सांभाळलं. नाक कुणी बघितलंच नाही. आणि नाकावर ती वस्तू तिने स्वतःच्या हाताने बसवली होती.

वकीलबाई आल्या. नवऱ्याने झालेलं सांगितलं. त्यांनी शिंपी, फुलवाली, डॉक्टर, एजंट, एकेकाबद्दल विचारलं, चष्मा हातात घेतला आणि परत ठेवला.

"ही गेली," त्या हळूच म्हणाल्या. "एजंटने हातात घेऊन बघितली, आणि त्याच्यावर गप्प बसायचं काही बंधन नाही. वाईट वाटतं, पण खोटं मी लिहिणार नाही. ही आता सगळ्यांची."

सून स्टुलावर बसली. वर्षभराचे रविवार, ती रंगवलेली खोली, त्या मुली, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. कुणावर रागावणार? चूक तिच्या स्वतःच्या हातची होती. तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात म्हातारबुवांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"बोला की," वकीलबाई म्हणाल्या. म्हातारबुवांनी नाही म्हणून मान हलवली आणि सुनेकडे बघितलं.

"बोला, बाबा. आता लपवायला उरलंय काय?"

आठवडाभर बंद असलेला घसा खरखरला. "काडी सैल पडते."

"कसली काडी?"

"तुझ्या बिजागरीची गं. युक्ती झकास आहे, पण चार दिवस नाकावर राहिली की तार दमते. मान खाली घातली की काडी फेंगडी होते. टेबलावर उघडमीट करून ते कळत नाही. त्याला चष्मा घालून बसावं लागतं, झोपावं लागतं, बायकोने हाक मारली की झटक्याने काढावा लागतो."

"अहो, मग मला नाही का सांगायचं?"

"कसं सांगणार? चष्म्याबद्दल एक शब्द काढणार नाही, कुणाशीही नाही, असं म्हणालो होतो ना? तुझ्यापुरती सूट मागायची राहिली." ते खाकरले. "म्हणून मग मीच केली नीट. याची नाही. वरच्याची. वाचायच्या चष्म्याची."

वकीलबाई ताठ झाल्या. "वरचा म्हणजे? तो चष्मा खाली कधी आला होता? कुणी बघितला?"

"उशाशी असतो. खाली कशाला आणू? खाली मला वाचायला वेळ असतो होय?"

"आणि वर पाहुणे? डॉक्टर?"

"डॉक्टर खालीच आले होते. वर आम्ही दोघंच. आणि ही माझ्याकडे बघते कुठे!"

सासूबाई जिन्यातूनच म्हणाल्या, "नाही बघत." नवरा दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला आणि चष्मा रुमालात गुंडाळून घेऊन आला. वकीलबाईंनी आधी दुकानाचं दार लावून घेतलं आणि पाटी उलटी केली.

सुनेने भिंगाखाली धरून पाहिलं. तारेचं जे टोक ती बाहेर कापून टाकत असे, ते म्हातारबुवांनी राखलं होतं आणि उलटं वळवून तारेच्याच वळणाखाली सरकवलं होतं. काडी मिटली की ते टोक दाबलं जायचं आणि तार आपणहून पुन्हा ताठ व्हायची. चष्मा जितका वापराल तितकी ती घट्ट राहणार. नखं कापायच्या कात्रीने केलेलं काम, दिसायला वेडंवाकडं, पण ती पुन्हा पुन्हा उघडमीट करत राहिली आणि काडी हलेना.

"एक सांगा," वकीलबाईंनी तिला विचारलं. "तुम्ही वर्षभर या बिजागरीत डोकं घातलं आहे. हे तुम्हाला सुचलं होतं?"

आज ना उद्या सुचलंच असतं, असं म्हणणं अगदी सोपं होतं. ते तिच्या ओठांवर आलंही. वर्षभराची मेहनत तिची, आणि एका आठवड्यात, तेही मुक्याने बसून, म्हाताऱ्याने तिच्या पुढे जावं? तिने म्हातारबुवांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या दांड्यावर बोटं दाबून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही," ती म्हणाली. "नसतं सुचलं. मी तार जाड करत बसले असते. ते टोक मी कचरा म्हणून फेकत होते."

"छान! या कामात मुरलेल्या माणसाला जे सहज सुचत नाही, त्यालाच पेटंट मिळतं. जुनी बिजागरी गेली, पण ही नवी आहे, आणि ही कुणी बघितलेली नाही."

"आणि तो एजंट?" नवरा म्हणाला. "तो पहिली सगळीकडे करायला लावणार!"

"लावू देत! चार दिवसांत सगळ्यांच्या काड्या फेंगड्या होतील आणि लोक विचारत फिरतील, घट्ट राहणारी कुठे मिळते म्हणून. मग येतील इथेच."

सून हसली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिचा जीव भांड्यात पडला होता. मागची खोली परत जागेवर आली होती.

"फक्त एक आहे," वकीलबाईंनी लॅपटॉप उघडला. "नावं दोन घालावी लागतील. ज्यांनी शोधलं त्या सगळ्यांची नावं द्यावीच लागतात, तो कायदाच आहे."

"माझं नाव?" म्हातारबुवांनी विचारलं. "छापून?"

"छापून. जगात कुणालाही वाचता येईल, की हे तुमचं. आता सांगा. पहिल्यापासून सांगा. काय केलंत, का केलंत, आधी काय फसलं. अगदी बारीकसारीकसुद्धा. काही गाळायचं नाही. तुम्ही जितकं सांगाल तितकं मला हवं आहे."

म्हातारबुवांनी तोंड उघडलं. शब्दच फुटेना. आजवर ते बोलायला लागले की लोकांना दूध तापत ठेवल्याची आठवण व्हायची, आणि आज एक शिकलेली बाई बोटं तयार ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दारावर कुणीतरी टकटक केली. कुणी उठलं नाही.

सुनेने स्टूल ओढलं आणि ती अगदी त्यांच्यासमोर बसली. इतकी वर्षं आपण यांच्या पाठीमागे बसून काम केलं, समोर बसून कधी ऐकलं नाही, हे तिला तेव्हा कळलं आणि लाज वाटली.

"सांगा ना, बाबा," ती म्हणाली. "मला पण ऐकायचंय."

"बरं," ते म्हणाले. घसा साफ केला. "तर वकीलबाई, सगळ्यात आधी हे लिहा, की बिजागरी हिची आहे. मी फक्त ती घट्ट केली."

वकीलबाईंनी लिहिलं. आणि मग म्हातारबुवांच्या तोंडाचा पट्टा जो सुटला, तो दिवेलागणीपर्यंत थांबला नाही. कुणी थांबवलाही नाही.